रीलोडिंगची पहिली खरेदी : प्रेसवर कमी, डायवर जास्त

वाचकाचं पत्र :

"ताई, नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत काही वर्षं मशिन शॉपमध्ये काढली, आता ओहायोत नोकरीला आहे. ग्रीन कार्ड झाल्यावर इथल्या क्लबात नाव घातलं आणि एफ-टीआर प्रकारात (एफ-क्लास नेमबाजीतला, रायफल बायपॉडवर म्हणजे दुपायी आधारावर टेकवून मारायचा प्रकार) ६०० यार्डांवर नेमबाजी सुरू केली. .३०८ विंचेस्टरची बोल्ट अॅक्शन रायफल आहे. मॅच दर्जाच्या काडतुसांचा २० चा डबा ४०-५० डॉलरला पडतो, म्हणून घरीच काडतुसं भरायचं, म्हणजे रीलोडिंगचं, मनात आहे. हाताशी १,२०० डॉलर आहेत. एक मित्र म्हणतो, प्रोग्रेसिव्ह प्रेस घे, तासाला शेकड्यांनी काडतुसं निघतील. दुसरा म्हणतो, अॅनीलिंग मशिनशिवाय या भानगडीत पडूच नको. तिसऱ्याच्या मते स्वस्तातला तयार संच पुरे. मुलगी सात वर्षांची आहे आणि बेसमेंटमध्ये बारूद ठेवायला बायकोचा विरोध आहे. शिवाय कोल्हापूरचा पुतण्या ५० मीटर रायफल मारतो. तो म्हणतो, 'काका, जुनं मशिन झालं की मला घेऊन या.' काय करू?"

नमस्कार.

ग्रीन कार्डाचा उल्लेख केलात हे फार बरं केलंत. आपल्यातले पुष्कळ जण एच-१बी वर असतानाच मित्राच्या नादाने या खेळात येतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक तर नाहीच, अॅम्युनिशनही जवळ बाळगता येत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं, असे मोजकेच अपवाद आहेत. त्यातही त्या कायद्याच्या व्याख्येत नुसती रिकामी केस (काडतुसाचं पितळी कवच), प्रायमर (तिच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी), गोळी किंवा पावडर (बारूद) हेही अॅम्युनिशनच ठरतं. 'भरलेलं काडतूस कुठे आहे, सुटे भागच तर आहेत' हा बचाव चालत नाही. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी मुद्दाम लिहिते आहे. तुम्हाला स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा करायचा तर लागतो. क्लबातल्या कुणी 'माझीही शंभर भरून दे, पैसे देतो' म्हटलं तर सरळ नाही म्हणा. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या रायफलच्या मापाने भरलेलं काडतूस दुसऱ्याच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या पोकळीत) घालणं धोक्याचं आहे.

आता पैशांचं. रीलोडिंगने खर्च वाचेल या आशेवर राहू नका. एका काडतुसामागचा खर्च नक्की उतरतो, पण त्याच पैशात तुम्ही जास्त गोळ्या झाडता, आणि त्या झाडाव्यातच. खरा लाभ वेगळा आहे : तुमच्याच चेंबरला बसणारी केस, तुमच्याच नळीला मानवणारी गोळी, आणि पहिल्यापासून विसाव्यापर्यंत सारखं वागणारं काडतूस.

हा लाभ केवढा, ते आकड्यांतच बघा, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरते. ६०० यार्डांवर एफ-क्लासच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ साधारण ६ इंचांचं असतं, आतलं एक्स ३ इंचांचं. .३०८ मधून १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) गोळी नेहमीच्या वेगाने सुटली आणि दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० फुटांचा फरक पडला, तर ६०० यार्डांवर गोळी वर-खाली होते ती जेमतेम पाऊण-एक इंच. तिथेच आडवा वारा ताशी एका मैलाने बदलला आणि तुमच्या लक्षात आलं नाही, तर गोळी ढोबळमानाने ३ इंच बाजूला जाते. म्हणजे वाऱ्याच्या एका चुकीत एक्सच्या मधोमध बसणारी गोळी दहाच्या कडेवर जाते. उत्तम भरलेलं काडतूस तुम्हाला वारा वाचून देणार नाही. म्हणून १,२०० पैकी शेवटचा डॉलरसुद्धा उपकरणांत ओतू नका. रेंजवर जायला, गोळ्या घ्यायला हात मोकळा राहू द्या. १,००० यार्डांवर मात्र वेगातला तोच १० फुटांचा फरक तीन इंचांपुढे जातो, आणि तिथे बारीकसारीक तयारीला खरी किंमत येते. तुम्ही तिथे पोहोचाल तेव्हा तेही बघू.

तर प्रेस, म्हणजे हँडल ओढून केस डायमध्ये दाबणारं यंत्र. डाय म्हणजे केसला माप देणारा किंवा गोळी बसवणारा साचा. तुमच्या पहिल्या मित्राचा सल्ला पिस्तूलवाल्यांसाठी अगदी योग्य आहे. महिन्याला हजारो गोळ्या झाडणाऱ्याला प्रोग्रेसिव्ह प्रेस हवाच. हँडल एकदा ओढलं की चार-पाच केसेसवर एकाच वेळी चार-पाच कामं होतात. पण तुम्हाला एका सामन्याला साठ-सत्तर काडतुसं लागणार, आणि त्यातल्या प्रत्येकाचं माप तुम्हाला हातात घेऊन बघायचं आहे. त्यासाठी सिंगल स्टेज प्रेस घ्या : एका वेळी एक डाय, एक केस, एक काम. प्रेसच्या डोक्यातले आटे जवळपास सगळ्यांचे सारखेच असतात. सात सूत (७/८ इंच) व्यास, इंचाला चौदा आटे. शिरोलीत काम केलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल : कुठल्याही कंपनीची डाय कुठल्याही कंपनीच्या प्रेसवर चढते. आज जुना प्रेस घेतलात आणि पुढे बदललात तरी डाय वाया जात नाही.

लीचा क्लासिक कास्ट, आरसीबीएसचा रॉक चकर, रेडिंगचा बिग बॉस, यांतला कुठलाही तुम्हाला जन्मभर पुरेल. रॉक चकर हे नाव ऐकायला विचित्र वाटतं, पण मागे साधी गोष्ट आहे. फ्रेड हंटिंग्टन या कॅलिफोर्नियाच्या माणसाने १९४३ च्या सुमारास रॉक चक नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या शिकारीसाठी गोळ्या घडवायची डाय केली. 'रॉक चक बुलेट स्वेज'ची आद्याक्षरं म्हणजेच आरसीबीएस. फॉर्स्टरचा को-अॅक्स प्रेस फार सुबक आहे. त्यात डाय आट्यांत आवळून न बसवता खाचेत सरकवतात, त्यामुळे केस आणि डाय आपापली मध्यरेषा जुळवून घेतात. मला तो मनापासून आवडतो, पण तुमच्या बजेटचा तिसरा हिस्सा तो एकटाच खाईल आणि टार्गेटवर तुम्हाला त्यातला फरक दिसणार नाही. क्लबातल्या एखाद्या ज्येष्ठाकडे ओतीव लोखंडाचा जुना ओ-फ्रेम प्रेस पडून असेल, तो विचारा. घेताना रॅम (केस वर नेणारा दांडा) पूर्ण वर नेऊन बोटांनी हलवून बघा, खालच्या पिनांतली ढिलाई बघा, डायच्या आट्यांना इजा नाही ना ते बघा. हे पारखायला तुम्हाला माझी गरज नाही. गंज वरवरचा असेल तर त्याकडे बघूही नका.

वाचलेले पैसे डायवर घाला. तिथे हात आखडू नका.

केस झाडली की ती फुगून तुमच्या चेंबरचा आकार घेते. पुन्हा वापरायची तर तिला थोडं दाबून मूळ मापाकडे आणावं लागतं. 'थोडं' म्हणजे किती, यावरच काडतुसाची अचूकता आणि केसचं आयुष्य दोन्ही अवलंबून आहे. साधी फुल-लेंग्थ डाय (अख्खी केस दाबणारी) शेल होल्डरला, म्हणजे केस धरणाऱ्या तुकड्याला, टेकेपर्यंत आवळा, असं डब्यावर लिहिलेलं असतं. तसं केलं की ती खांदा (केस निमुळती होऊन मानेला मिळते तो भाग) गरजेपेक्षा खूप मागे ढकलते. काडतूस झाडताना केस पुन्हा तेवढीच पुढे ताणली जाते, आणि काही फेऱ्यांत बुडाच्या वरच्या अंगाला भिंत पातळ होऊन तिथे चकाकती रेघ उमटते. ती रेघ दिसली की केस भंगारात टाका. शंका असेल तर पेपरक्लिपचं टोक आकड्यासारखं वाकवून आतून भिंतीवरून फिरवा. खाच लागली तर तुकडा पडण्याच्या बेतात आहे असं समजा. पूर्वी यावर उपाय म्हणून नुसती मान दाबायची, खांद्याला हात लावायचा नाही, अशी पद्धत होती. तुम्हाला क्लबात अजूनही ती सांगणारे भेटतील. पण चार-पाच फेऱ्यांनी केस चेंबरमध्ये घट्ट बसायला लागते, बोल्ट जोर लावून बंद करावा लागतो, आणि त्या जोराने रायफल बायपॉडवरून हलते. आज मोठ्या सामन्यांतले बहुतेक नेमबाज दर वेळी फुल-लेंग्थच दाबतात, फक्त खांदा एक ते दोन थाऊच (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मागे नेतात.

हे एक-दोन थाऊ मोजायला कॅलिपरच्या जबड्याला लावायचा हेडस्पेस कम्पॅरेटर मिळतो. हॉर्नडीचा स्वस्त आहे आणि चांगला आहे. काम असं करायचं : तुमच्याच रायफलमधून झाडलेल्या केसेस घ्या, शक्यतो दोन-तीन वेळा झाडलेल्या, कारण एकाच फेरीत खांदा पूर्ण पुढे येतोच असं नाही. आधी जुना प्रायमर काढा, नाहीतर त्याचा उंचवटा माप चुकवतो. पाच-सहा केसेस मोजा. समजा १.६३२ आलं. हा आकडा तुमच्या उपकरणापुरता खरा, दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नका. आता डाय प्रेसमध्ये मुद्दाम थोडी वर ठेवा, केसला अंगठ्याने हलकंसं लुब्रिकंट चोळा, दाबा, पुसा, मोजा. माप हललं नसेल किंवा उलट एखाद-दुसऱ्या थाऊने वाढलं असेल तर घाबरू नका. पोट दाबलं गेलं की खांदा क्षणभर पुढे सरकतो. डाय किंचित खाली फिरवा, पुन्हा दाबा. १.६३१ आलं. आणखी केसभर फिरवा. १.६३० आलं की तिथेच लॉक रिंग आवळा. बोल्ट बोटाने सहज मिटला पाहिजे. लुब्रिकंट विसरलात तर केस डायमध्ये अडकते आणि ती काढायला अख्खी संध्याकाळ जाते. जास्त चोळलंत तर खांद्यावर पोचे पडतात. मानेला आणि खांद्याला जवळपास कोरडं, पोटाला पातळसा थर, एवढंच.

डाय बुशिंगवाली घ्या, रेडिंगची किंवा त्याच दर्जाची. साध्या डायमध्ये मान आधी खूप आवळली जाते आणि मग आतून गोटी ओढून पुन्हा रुंद होते. या ओढाताणीत मान वाकडी होण्याचा संभव असतो. बुशिंग डायमध्ये मानेच्या मापाची छोटी पोलादी रिंग बसवायची असते. माप काढायची रीत सोपी आहे : भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने मोजा आणि दोन थाऊ वजा करा. ०.३३७ आला तर ०.३३५ ची रिंग. शेजारची एक थाऊने लहान रिंगही सोबत मागवा.

गोळी बसवायची डाय मायक्रोमीटरवाली असावी. मॅचच्या गोळ्यांची टोकं, बारीक बघितलंत तर, एकसारखी नसतात. उघड्या टोकाच्या गोळ्यांत तर पाच-दहा थाऊंचा फरक सहज असतो. म्हणून काडतुसाची एकूण लांबी मोजून उपयोग नाही. गोळीचा पूर्ण व्यास जिथे संपून बाक सुरू होतो, तिथपासूनची लांबी मोजायची, कारण नळीतल्या आट्यांना पहिल्यांदा भिडतो तो हाच भाग. त्यासाठी दुसरा कम्पॅरेटर लागतो, तोही स्वस्तच आहे. बसवणाऱ्या डायचा दांडा गोळीच्या टोकाला टेकत नाही ना, हेही बघा. लांब निमुळत्या गोळ्यांसाठी वेगळा दांडा मिळतो.

तराजूबद्दल लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बारूद ग्रेनमध्ये मोजतात. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन जेमतेम ६५ मिलिग्रॅम. .३०८ मध्ये पावडर एका ग्रेनने बदलली तर वेग सेकंदाला साधारण ५० फुटांनी बदलतो. म्हणजे ०.१ ग्रेनने इकडे-तिकडे झालात तर पाच फूट. वरचा वाऱ्याचा हिशेब आठवा : ६०० यार्डांवर अर्धा इंचही नाही. तेव्हा ०.१ ग्रेन खरोखर राखणारा तराजू तुम्हाला आज पुरेसा आहे. अडचण 'खरोखर' याच शब्दात आहे. तीस-चाळीस डॉलरचे इलेक्ट्रॉनिक तराजू पडद्यावर ०.०२ दाखवतात आणि दहा मिनिटांत पाव ग्रेन सरकलेले असतात. एसीची झुळूक, शेजारी ठेवलेला मोबाइल, गार बेसमेंटमध्ये हळूहळू तापणारं यंत्र, सगळ्याचा त्यांच्यावर परिणाम होतो. त्यापेक्षा चांगला दांडीचा तराजू घ्या. जुना मिळाला तरी चालेल, दांडी ज्यांवर टेकते त्या धारा तेवढ्या स्वच्छ हव्यात. काटा डोळ्याच्या बरोबर रेषेत येईल इतक्या उंचीवर ठेवा आणि सोबत प्रमाणित वजनांचा छोटा संच ठेवा. दर बसणीला आधी तुमच्या भाराच्या जवळचं वजन ठेवून खात्री करायची, दर वीसाव्या काडतुसाला पुन्हा. जपानच्या ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय हा चुंबकीय तत्त्वाचा तराजू लांब पल्ल्याचे अनेक नेमबाज वापरतात. तो पावडरचा एक दाणासुद्धा दाखवतो. उत्कृष्ट आहे. निम्मं बजेट खातो. १,००० यार्डांची गोडी लागली की पहिली मोठी खरेदी ती करा.

बाकीचं भराभर. मिटुटोयोचा किंवा तितकाच भरवशाचा कॅलिपर हवा. तुम्हाला त्याची सवय असणारच. केस ताणून लांब होते, म्हणून ट्रिमर हवा (.३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून २.००५ वर आणतात), आणि तोंडाच्या आतल्या-बाहेरच्या कडा मोडायचं हत्यार. प्रायमर बसवायला हातात धरायचं यंत्र घ्या, प्रेसवर बसवू नका. प्रायमर खाचेच्या तळाला टेकल्याचं बोटांना जे जाणवतं ते लांब हँडलवर जाणवत नाही. प्रायमर केसच्या बुडापासून दोन-चार थाऊ आत हवा, बाहेर कधीही नको. केसेस धुवायला सध्या गरम पाणी, साबण आणि एक रात्र सुकवणं पुरतं.

अॅनीलिंग मशिनचा सल्ला देणारा तुमचा मित्र चुकीचं बोलत नाही, पण घाईने बोलतो आहे. झाडून-दाबून पितळ कडक होत जातं, मानेची पकड बदलते, म्हणून मान ठरावीक उष्णतेने पुन्हा नरम करतात. न्यूझीलंडच्या एएमपीचं इंडक्शन मशिन या कामात अव्वल आहे आणि दीड हजार डॉलरच्या आसपास जातं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत त्याने तुमचा एकही गुण वाढणार नाही. पुढे क्लबातल्या कुणाकडे असेल तर त्याच्याकडे करून घ्या. वेग मोजायच्या यंत्राचंही तेच. २०२३ मध्ये गार्मिनचा छोटा रडार आला आणि वापरायला फारच सोपा आहे, पण सहाशे डॉलरचा आहे. रेंजवर मागून एका दिवसापुरता वापरता येतो, लोक आनंदाने देतात. तुमचा तिसरा मित्र म्हणतो तो तयार संच वाईट नसतो, पण त्यातली डाय साधी असते आणि तराजू बहुधा तुम्ही वर्षभरात बदलाल.

पितळेबाबत एक विनंती. रेंजवर पडलेल्या इतरांच्या केसेस गोळा करून आणू नका. कुणाच्या चेंबरमध्ये, किती दाबाने, किती वेळा झाडल्यात, काहीही कळत नाही. सुरुवात तुम्ही आजवर झाडलेल्या मॅच काडतुसांच्या केसेसवरच करा. त्या तुमच्या चेंबरच्या मापाच्या आहेत आणि त्यांचे पैसे देऊन झालेत. डाय कशी लावायची, तराजू कसा हाताळायचा, हे हात त्यांच्यावर बसू द्या. मग एकाच लॉटच्या लापुआच्या शंभर केसेस घ्या. फिनलंडचं हे पितळ महाग वाटतं, पण नीट सांभाळलं तर इतक्या फेऱ्या टिकतं की हिशेबात स्वस्त पडतं. गोळी आणि पावडर निवडताना पहिल्या वर्षी शोधाशोध नको. तुमच्या क्लबात .३०८ वाले जे वापरतात तेच घ्या, बहुधा सिएरा किंवा बर्जरची गोळी आणि व्हार्गेट पावडर. व्हार्गेट अमेरिकन नावाने विकली जाते, पण बनते ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला गावी. तिचा पुरवठा मधूनमधून आटतो, म्हणून मिळेल तेव्हा एकाच लॉटचे दोन-तीन डबे घेऊन ठेवा.

क्लबात जे वापरतात तेच घ्या म्हटलं ते घटकांबद्दल. किती ग्रेन भरायचं, हे मात्र कुणाच्याही तोंडचं घेऊ नका, माझ्याही नाही. गोळी बनवणाऱ्या कंपनीचं छापील मॅन्युअल आणि पावडर बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता, दोन्ही समोर ठेवा आणि खालच्या, सुरुवातीच्या भारापासूनच निघा. वर चढताना थोडं-थोडं चढा. प्रायमर सपाट होऊ लागला, बोल्ट उचलताना जड लागला, केसच्या बुडावर चकाकता ठसा दिसला, की तिथेच थांबून खाली या. कमाल आकड्याच्या आत असलात तरीही. प्रायमर, केस, गोळी यांतलं काहीही बदललं की पुन्हा खालून सुरुवात.

आता वहिनींचा विरोध. मला त्यांचा विरोध रास्त वाटतो. त्यांना समजावण्यापेक्षा व्यवस्था दाखवा. धूरविरहित पावडर ही मोकळ्यावर पेटली तर भडकते. ती बंद, जाड लोखंडी पेटीत कोंडली तरच स्फोटाचा धोका वाढतो. म्हणून ती बंदुकीच्या घट्ट तिजोरीत ठेवायची नाही. लाकडी कपाट, कुलूपबंद, पाणी तापवायच्या बंबापासून आणि भट्टीपासून दूर, आणि पावडर कायम तिच्या मूळ डब्यात. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या प्रचलित मानकानुसार घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत पावडर आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवता येतात. तुम्हाला त्याचा अगदी छोटा अंशच लागणार आहे. तरीही तुमच्या गावचा फायर कोड आणि घराच्या विम्याची अट वाचून घ्या. प्रायमर आणि पावडर वेगवेगळ्या कप्प्यांत. प्रायमर काचेच्या बरणीत ओतून ठेवायचे नाहीत, ते त्यांच्या खोक्यातच एकमेकांपासून सुटे राहतात. सांडलेली पावडर व्हॅक्यूम क्लीनरने ओढायची नाही, ब्रशने भरायची.

टेबलावर एका वेळी एकच पावडर. काम संपलं की ती डब्यात परत, तराजूशेजारचं भांडं रिकामं. चुकीची पावडर भरली जाणं हा या कामातला सर्वांत मोठा घात आहे आणि तो थकल्यावर, गप्पा मारताना, फोनवर बोलताना होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. गोळ्या बसवण्यापूर्वी भरलेल्या सगळ्या केसेस लाकडी ठोकळ्यात उभ्या करून वरून टॉर्च मारा आणि पावडरची पातळी एकसारखी आहे का बघा. .३०८ मध्ये नेहमीचा भार केस बऱ्यापैकी भरतो, दुप्पट पडला तर वर सांडतोच. पण एखादी रिकामी राहू शकते. मग नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी झाडली तर रायफल फुटते. आवाज नेहमीपेक्षा हलका आला तर थांबा, बोल्ट काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा.

मुलीसाठी शिशाचा विचार जास्त करा. झाडलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. जुने प्रायमर काढताना, केसेस हाताळताना ते बोटांना लागतं आणि लहान मुलांना त्याची बाधा मोठ्यांपेक्षा फार लवकर होते. केसेस स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत. बेसमेंटमधून वर येण्यापूर्वी हात गार पाण्याने साबण लावून धुवायचे, त्या कामाचा शर्ट वेगळा ठेवायचा. खोलीला दार आणि दाराला कुलूप असेल तरच सुरुवात करा. ते नसेल तर १,२०० मधला पहिला खर्च सुताराचा. वहिनींना एकदा सगळं मांडून झालेलं कपाट उघडून दाखवा, एक किल्ली त्यांच्याकडे द्या. त्यांनी तरीही नको म्हटलं तर क्लबात कुणाच्या टेबलावर बसून काम करता येतं का ते विचारा.

पुतण्याला मात्र प्रेस नेऊन देऊ नका. नवा नाही, जुना नाही, सुटा करूनही नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसं बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा 'अॅम्युनिशन'च्या व्याख्येत येते, आणि परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं हा गुन्हा आहे. पोराची अख्खी कारकीर्द एका प्रेसपायी अडकेल. शिवाय त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. ५० मीटरला .२२ रिमफायर चालते. तिच्यात प्रायमरचं मिश्रण केसच्या बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि झाडताना ती कड चेपते, त्यामुळे ते काडतूस पुन्हा भरताच येत नाही. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी ५० मीटर थ्री पोझिशन्सचं ऑलिंपिक कांस्य आणलं. त्या प्रकारात काडतुसं कारखान्यातलीच असतात. त्यांची तयारी वेगळी : एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून गटागटाने झाडून बघायचे, जो लॉट सर्वांत लहान गट देतो त्याचाच साठा करायचा. पुतण्याला मदत करायची असेल तर त्याच्या प्रशिक्षकांशी बोलून लॉट टेस्टिंगच्या काडतुसांचा खर्च उचला. नियमाने, असोसिएशनमार्फत. तुम्ही नेऊन द्यायची नाहीत.

आणि रेंजवर वापरलेली बॅग भारतात जाताना कधीही सोबत घेऊ नका. अस्तरात घरंगळलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर ते विसरून राहिलं होतं हे पोलिसांना पटवण्यात तुमची सुट्टी जाईल. प्रवासाची बॅग वेगळी, रेंजची वेगळी.

शेवटी १,२०० चा ढोबळ हिशेब. जुना प्रेस आणि शेल होल्डर दीडशेच्या आत बसवा. दोन्ही डाय आणि बुशिंग मिळून साडेतीनशेपर्यंत जाऊ द्या. कॅलिपर, दोन कम्पॅरेटर, दांडीचा तराजू आणि वजनं यांना तीनशे. ट्रिमर, प्रायमरचं यंत्र, मॅन्युअल आणि किरकोळ यांना दीडशे-दोनशे. उरतील ते गोळ्या, पावडर, प्रायमर. किमती हलत्या आहेत, पण प्रमाण हेच ठेवा. एवढं घेण्याआधी क्लबातल्या चांगल्या एफ-टीआर नेमबाजाला विचारून एक संध्याकाळ त्याच्या टेबलाशेजारी बसा आणि पहिल्या केसपासून भरलेल्या काडतुसापर्यंत सगळं बघा. बुशिंग मागवण्यापूर्वी तुमच्या काडतुसाच्या मानेचं माप आणि केसचा मेक मला कळवा, रिंग कुठल्या मापाची घ्यायची ते लिहीन.